न्यूयॉर्क, १९९९ : तपासणी पॉझिटिव्ह, विषाणू दुसराच

डासांमुळे होणाऱ्या विषाणूजन्य आजारांचं निदान शिकवायला एकच प्रकरण निवडायचं असेल, तर मी हे निवडेन. यात हलगर्जीपणा शोधायला गेलं तर फारसा सापडत नाही. एका सजग डॉक्टरने वेळेवर फोन केला, आरोग्य खात्याने त्याच आठवड्यात धावपळ सुरू केली, अमेरिकेतल्या सर्वात अनुभवी प्रयोगशाळेने ठरलेल्या पद्धतीने तपासणी केली. निकाल पॉझिटिव्ह आला आणि तांत्रिकदृष्ट्या तो खराही होता. तरी जवळपास तीन आठवडे सगळेजण भलत्याच विषाणूचं नाव घेत होते : होता वेस्ट नाईल, म्हणत होते सेंट लुईस मेंदूज्वर. असं का झालं, याचं उत्तर आपल्या रोगप्रतिकारशक्तीच्या कामाच्या पद्धतीतच आहे, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं.

रुग्ण

२३ ऑगस्ट १९९९ रोजी न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातल्या फ्लशिंग हॉस्पिटलच्या संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. डेबोरा अ‍ॅस्निस यांनी न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याला फोन केला. त्यांच्याकडे मेंदूज्वराचे दोन रुग्ण होते. दोघेही वयस्कर. ताप, गोंधळलेली अवस्था, आणि त्यासोबत हातापायांतली ताकद गेलेली. मेंदूज्वराचे रुग्ण मोठ्या शहरात अधूनमधून येतच असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या आजाराचं कारण शेवटपर्यंत कळत नाही. अशा दोन रुग्णांसाठी फोन करायलाच हवा असं कुणी म्हटलं नसतं. अ‍ॅस्निस यांना खटकली ती स्नायूंची दुर्बलता. साध्या विषाणूजन्य मेंदूज्वरात माणूस असा लुळा पडत नाही.

हातपाय अचानक लुळे पडले की डॉक्टरच्या मनात आधी गिलाँ-बारे सिंड्रोम येतो, म्हणजे प्रतिकारशक्तीच स्वतःच्या नसांवर उलटते तो आजार. तिथे पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं की प्रथिनं वाढलेली दिसतात, पण पेशी जवळपास नेहमीइतक्याच असतात. इथे मात्र त्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. म्हणजे मज्जासंस्थेच्या आत कशाशी तरी झुंज चालू होती आणि तिथे पेशी गोळा होत होत्या. एवढ्या एका नोंदीवरून संशयाची दिशा बदलते. पुढे २००२ मध्ये कळलं की वेस्ट नाईल विषाणू मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो, पोलिओसारखा. १९९९ च्या ऑगस्टमध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लक्षण डोळ्यांसमोर होतं, पण ते ज्या आजाराचं म्हणून ओळखलं जावं, त्या आजाराच्या वर्णनात ते ठळकपणे लिहिलेलंच नव्हतं.

आरोग्य खात्यात संसर्गजन्य रोगांचा विभाग डॉ. मार्सेल लेटन पाहत होत्या. त्यांच्या चमूने आसपासच्या रुग्णालयांत चौकशी केली आणि दोनाचे सहा रुग्ण झाले. सहापैकी पाच जणांच्या स्नायूंची ताकद फार कमी झालेली होती. काहींना श्वास घेण्यासाठी यंत्राची मदत लागत होती. सगळे उत्तर क्वीन्समध्ये काही मैलांच्या पट्ट्यात राहणारे, पण एकमेकांशी ओळख नाही, एकत्र जेवण नाही, एकत्र प्रवास नाही. नातेवाइकांशी बोलल्यावर एक समान धागा मिळाला : संध्याकाळी ही माणसं घराबाहेर, अंगणात, बागेत वेळ घालवत. घरांच्या आसपास साठलेल्या पाण्यात क्युलेक्स डासांच्या अळ्या सापडल्या. आता संशय डासांवर गेला.

नमुना घ्यायला उशीर झालेलाच असतो

इथे एक प्रश्न कुणीही विचारेल. रुग्णाच्या रक्तातून थेट विषाणूच का शोधला नाही?

कारण वेस्ट नाईल आणि सेंट लुईस ज्यातले आहेत त्या फ्लॅविव्हायरस कुटुंबातल्या, मेंदूपर्यंत पोचणाऱ्या विषाणूंची वेळच तशी असते. डास चावल्यावर विषाणू आधी त्वचेतल्या पेशींत आणि जवळच्या लसिका ग्रंथींत वाढतो, मग थोडे दिवस रक्तात फिरतो. ताप येतो तेव्हा रक्तातला विषाणू ओसरायला लागलेला असतो. मेंदूज्वराची लक्षणं दिसेपर्यंत तर बहुतेकांच्या रक्तातून तो जवळपास नाहीसा झालेला असतो, कारण तोपर्यंत शरीराने आयजीएम जातीच्या, म्हणजे संसर्गानंतर सर्वात आधी येणाऱ्या, अँटिबॉडी बनवून रक्त साफ केलेलं असतं. जी माणसं रुग्णालयात येतात, त्यांच्या रक्तातला पीसीआर, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी, बहुधा निगेटिव्ह येतो. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात शक्यता थोडी बरी, तरी भरवशाची नाही. डेंग्यूत पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात विषाणू किंवा त्याचं एनएस१ प्रथिन भरपूर सापडतं. इथे तशी सोय नाही.

राहते ती अँटिबॉडी. आयजीएम हा आकाराने अवाढव्य रेणू आहे, पाच एकके एकत्र जोडलेली. तो रक्तातून मेंदूच्या बाजूला सहज झिरपत नाही. म्हणून कण्यातल्या पाण्यात विषाणूविरुद्ध आयजीएम सापडलं, तर ते मज्जासंस्थेच्या आतच तयार झालं असं धरता येतं. मेंदूज्वरात हा फार मोलाचा पुरावा आहे आणि आजही निदानाचा मुख्य आधार तोच आहे. या पुराव्याला कमी लेखायचं माझ्या मनात अजिबात नाही. तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढंच इथे पाहायचं आहे.

३ सप्टेंबरचा निकाल

नमुने कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला, सीडीसी या अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेच्या डासजन्य विषाणूंच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे आयजीएम पकडणारी एलायझा चाचणी झाली. ही चाचणी प्रत्यक्षात कशी चालते ते बघण्यासारखं आहे, कारण घोळाचं मूळ तिच्या पायऱ्यांतच आहे.

प्लास्टिकच्या पट्टीवर छोटे छोटे खळगे असतात. खळग्याच्या तळाला माणसाचं आयजीएम पकडून ठेवणारी अँटिबॉडी चिकटवलेली असते. त्यात रुग्णाच्या रक्ताचा पातळ केलेला द्रव टाकतात. रुग्णाचं सगळं आयजीएम, मग ते कशाच्याही विरुद्ध असो, तळाला धरून राहतं. बाकीचं धुऊन टाकतात. मग त्यात एका ठरावीक विषाणूचं अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडी ज्याला ओळखते तो विषाणूचा भाग, टाकतात. पकडलेल्या आयजीएमपैकी काही त्या विषाणूला ओळखत असेल तर अँटिजेन तिथे अडकतं, नसेल तर धुतलं जातं. शेवटी अँटिजेन अडकलं आहे का हे पाहण्यासाठी रंग आणणाऱ्या एन्झाइमला जोडलेली आणखी एक अँटिबॉडी घालतात. रंग आला की यंत्र त्याची तीव्रता मोजतं आणि रुग्णाच्या खळग्यातला रंग निरोगी माणसाच्या खळग्यातल्या रंगाच्या किती पट आहे, हे गुणोत्तर काढलं जातं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा ते जास्त आलं की पॉझिटिव्ह.

आता बारकाईने पाहा. तिसऱ्या पायरीला कोणतं अँटिजेन टाकायचं, हे तपासणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत आढळणाऱ्या डासजन्य विषाणूंची अँटिजेनं टाकली गेली. त्या यादीत सेंट लुईस मेंदूज्वराचा विषाणू होता. १९३३ मध्ये सेंट लुईस शहरात हजाराहून जास्त लोकांना झालेल्या आजारामुळे तो ओळखला गेला होता. क्युलेक्स डासांतून पसरणारा, वयस्कर माणसांना जास्त गाठणारा, उन्हाळा संपताना डोकं वर काढणारा. क्वीन्समधल्या चित्राशी तो बराच जुळत होता. वेस्ट नाईल विषाणू यादीत नव्हता. तो १९३७ मध्ये युगांडात सापडला होता आणि अमेरिका खंडात तोवर एकदाही आढळला नव्हता. न विचारलेल्या विषाणूचं नाव ही चाचणी आपणहून सांगूच शकत नाही.

आणि शेवटच्या पायरीतली रंग आणणारी अँटिबॉडी? या पद्धतीत सहसा अशी अँटिबॉडी वापरतात, जी फ्लॅविव्हायरस कुटुंबातल्या सगळ्याच विषाणूंना चिकटते. एकाच बाटलीने अनेक विषाणूंच्या चाचण्या करता याव्यात म्हणून ही सोय मुद्दाम केलेली आहे. म्हणजे पूर्ण चाचणीत विषाणूची निवड करणारी एकच गोष्ट उरते, रुग्णाचं स्वतःचं आयजीएम. ते किती काटेकोर आहे, यावर सगळा खेळ.

ते फारसं काटेकोर नसतं. फ्लॅविव्हायरसच्या बाहेरच्या आवरणावर ई नावाचं प्रथिन असतं आणि बहुतेक अँटिबॉडी त्यालाच धरतात. या प्रथिनाचे तीन भाग आहेत. दुसऱ्या भागाच्या टोकाला एक छोटा फास आहे. विषाणू पेशीत शिरताना त्याचं आवरण पेशीच्या पडद्याशी एकरूप करण्याचं काम या फासाकडे असतं. हे काम इतकं नाजूक आहे की उत्क्रांतीत तो फास फारसा बदललाच नाही. डेंग्यू, झिका, पीतज्वर, वेस्ट नाईल, सेंट लुईस, जपानी मेंदूज्वर, सगळ्यांचा हा फास जवळजवळ सारखा आहे. आणि आपल्या शरीराच्या दृष्टीने नेमका हाच भाग फार आकर्षक. त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी भरपूर तयार होतात, पण विषाणूला निष्प्रभ करण्यात त्या बऱ्याचदा कमी पडतात. प्रत्येक विषाणूची स्वतःची ओळख जास्त करून तिसऱ्या भागात असते आणि विषाणूला खरोखर रोखणाऱ्या ताकदवान अँटिबॉडीही बहुधा त्या भागावर बसतात. पण माणसांत त्यांचा वाटा लहान असतो.

म्हणजे आयजीएम आडनाव वाचतं. पूर्ण नाव वाचणाऱ्या अँटिबॉडी थोड्या असतात आणि साध्या एलायझात त्यांचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. त्यातही वेस्ट नाईल, सेंट लुईस आणि जपानी मेंदूज्वर हे तर कुटुंबातल्या एकाच शाखेतले सख्खे नातलग. क्वीन्सच्या रुग्णांचं आयजीएम सेंट लुईसच्या अँटिजेनला चिकटलं, त्यात काहीच नवल नाही. चाचणीने सांगितलं होतं की या शाखेतल्या कुणाचा तरी ताजा संसर्ग आहे. कागदावर मात्र 'सेंट लुईस मेंदूज्वर' असं उतरलं.

त्याच दिवशी, ३ सप्टेंबरला, निकाल जाहीर झाला आणि उत्तर क्वीन्स व दक्षिण ब्रॉन्क्समध्ये डासांवर फवारणी सुरू झाली. इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. नाव चुकलं तरी उपाय बरोबर होता. दोन्ही विषाणू क्युलेक्स डासच पसरवतात, दोन्हींवर खास औषध तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. फवारणी, साठलेलं पाणी काढणं, संध्याकाळी अंग झाकणं, हे सगळं तसंच केलं असतं. कुटुंब कळलं की कृती सुरू करता येते, आणि ती थांबवून ठेवू नये असंच माझं मत आहे. प्रश्न कृतीचा नव्हता. नाव पक्कं झालंय असं समजून शोध थांबतो, धोका तो होता.

पक्षी

शोध थांबला नाही, याचं मोठं श्रेय माणसांच्या नव्हे, प्राण्यांच्या डॉक्टरकडे जातं.

त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कावळे मरून पडत होते. माणसांतल्या आजाराच्या आधीपासूनच ते सुरू होतं. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात चिलीचे फ्लेमिंगो, एक पाणकावळा आणि एक आशियाई फेझंट दगावले. तिथल्या रोगनिदानतज्ज्ञ डॉ. ट्रेसी मॅकनमारा यांनी शवविच्छेदन केलं. मेंदूला आणि मेंदूच्या आवरणाला सूज, हृदयाच्या स्नायूंचीही जबर हानी. त्याच शहरात, त्याच आठवड्यांत, माणसांनाही मेंदूज्वर होतोय हे त्यांनी वाचलं होतंच.

त्यांचा तर्क मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात देखणा भाग वाटतो. सेंट लुईसचा विषाणू पक्ष्यांत राहतो, पण अमेरिकेतले पक्षी त्याने मरत नाहीत. त्याला पक्ष्यांत टिकून राहायचं असतं आणि तिथल्या पक्ष्यांना त्याची पिढ्यान्‌पिढ्या सवय झालेली आहे. कावळे धडाधड मरत असतील तर विषाणू त्यांना नवा असला पाहिजे. दुसरी शक्यता होती घोड्यांच्या पूर्वेकडच्या मेंदूज्वराची, कारण तो पक्ष्यांना मारू शकतो. पण त्या विषाणूला एमू फार लवकर बळी पडतात, आणि प्राणिसंग्रहालयातले एमू ठणठणीत होते. दोन्ही ओळखीची नावं बाद झाली. उरला तो कुणीतरी अनोळखी.

याला प्रयोगशाळेचा एकही निकाल लागला नाही. कोण मेलं आणि कोण जिवंत राहिलं, एवढंच त्यांनी पाहिलं. एका अर्थाने तीही रोगप्रतिकारशक्तीचीच चाचणी होती, एका माणसाऐवजी अख्ख्या प्रजातीची. ज्या प्रजातीचा विषाणूशी जुना परिचय आहे ती तगते, जिचा नाही ती कोसळते.

अडचण अशी की माणसांचे नमुने तपासणारी यंत्रणा वेगळी आणि प्राण्यांची वेगळी होती. पक्ष्यांचे मृत्यू आणि माणसांचे मृत्यू ही दोन वेगळी प्रकरणं मानली जात होती. मॅकनमारा यांनी पाठपुरावा सोडला नाही. पक्ष्यांच्या ऊतींचे नमुने आयोवातल्या एम्सला, शेती खात्याच्या पशुरोग प्रयोगशाळेत गेले. नेहमीचे पक्षिरोग तिथे सापडले नाहीत, घोड्यांच्या मेंदूज्वराचे विषाणूही नाहीत. पण पक्ष्यांच्या ऊतींतून एक विषाणू वाढवता आला. माणसाच्या रक्तात जो मिळत नव्हता, तो मेलेल्या पक्ष्यांत मुबलक होता, कारण त्यांच्या शरीराला तो आवरताच आला नव्हता. २० सप्टेंबरला हे विषाणू सीडीसीकडे पोचले आणि २३ सप्टेंबरला जनुकक्रम हाती आला. तो सेंट लुईसशी जुळत नव्हता, वेस्ट नाईलशी जुळत होता. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन विद्यापीठात डॉ. इयन लिपकिन यांच्या चमूने, दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या ऊतींवर काम करून जनुकांच्याच आधारे तोच निष्कर्ष काढला.

पुढे तपशिलात तुलना झाली तेव्हा न्यूयॉर्कचा विषाणू १९९८ मध्ये इस्रायलमधल्या एका हंसातून मिळालेल्या विषाणूच्या सर्वात जवळचा निघाला. तो अटलांटिक ओलांडून कसा आला, डासातून, पक्ष्यातून की माणसातून, याचा पक्का पुरावा मिळालेला नाही.

त्याच नमुन्यांकडे पुन्हा

एकदा वेस्ट नाईलचं नाव समोर आल्यावर माणसांच्या नमुन्यांची तपासणी नव्याने करता आली. नुसती एलायझा पुन्हा करून भागत नाही. दोन अँटिजेनं शेजारी शेजारी ठेवली तर खऱ्या विषाणूच्या खळग्यात रंग सहसा जास्त गडद येतो, आणि हा इशारा उपयोगाचा असतो, पण त्यावर शिक्कामोर्तब करता येत नाही. त्यासाठी पीआरएनटी ही चाचणी लागते.

तिची कल्पना सरळ आहे. रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेला अँटिबॉडी असलेला द्रव, दुप्पट-दुप्पट पातळ करत न्यायचं, प्रत्येक टप्प्यावर त्यात जिवंत विषाणू मिसळायचा आणि ते मिश्रण पेशींच्या सपाट थरावर ओतायचं. विषाणू जिथे निष्प्रभ झाला नाही, तिथे पेशी मरून थरात गोल भोकं पडतात. किती पातळ केलेलं सीरमसुद्धा बहुतेक भोकं पडू देत नाही, ते मोजायचं. हेच दोन्ही विषाणूंसाठी वेगवेगळं करायचं. नुसतं चिकटण्याला इथे किंमत नाही, रोखण्याला आहे, त्यामुळे ओळख पटवणाऱ्या त्या थोड्या अँटिबॉडी इथे उठून दिसतात. एका विषाणूविरुद्धची पातळी दुसऱ्यापेक्षा किमान चौपट असेल तर त्याचं नाव लावता येतं. जिवंत विषाणू हाताळायला सुरक्षित प्रयोगशाळा लागते आणि निकालाला आठवडाभर जातो, म्हणून ही चाचणी रोजच्या वापरात कधीच येत नाही. आणि तुलनेसाठी कोणते विषाणू घ्यायचे, हा प्रश्न इथेही सुटत नाही. नुसत्या सेंट लुईसविरुद्ध केलेली पीआरएनटीसुद्धा शेजाऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय दिशाभूल करू शकते.

१९९९ च्या त्या साथीत शेवटी ६२ रुग्णांची नोंद झाली, त्यातले ५९ रुग्णालयात दाखल झाले होते, ७ जण दगावले. लाँग आयलंडवर २५ घोडे आजारी पडले.

बाकीचे हजारो

रुग्णालयातल्या ५९ जणांचं मधलं वय ७१ होतं, म्हणजे निम्मे त्याहून लहान, निम्मे मोठे. म्हणजे विषाणू फक्त वृद्धांनाच झाला का? तसं नाही, हे त्याच शरद ऋतूत क्वीन्समध्ये घरोघरी जाऊन केलेल्या रक्ततपासणीने दाखवलं. सुमारे २.६ टक्के लोकांत ताज्या संसर्गाच्या अँटिबॉडी सापडल्या. त्यावरून त्या भागात ८,२०० च्या आसपास लोकांना संसर्ग झाला असावा असा अंदाज निघाला. बहुतेकांना पत्ताही लागला नव्हता. दर पाचातल्या एकाला ताप येतो आणि दर दीडशेमागे एखाद्याच्याच मज्जासंस्थेपर्यंत तो पोचतो, हे प्रमाण पुढेही साधारण टिकलं.

हा फरक पहिल्या काही दिवसांत ठरतो. इंटरफेरॉन या विषाणूरोधक प्रथिनांची पहिली फळी विषाणूला किती अडवते आणि आयजीएम किती लवकर येतं, यावर रक्तातला विषाणू किती वाढेल हे अवलंबून असतं. ज्या उंदरांना आयजीएम स्रवता येत नाही, ते वेस्ट नाईलच्या अगदी थोड्या मात्रेनेही मरतात, हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. निदानासाठी आपण ज्या आयजीएमकडे फक्त एक खूण म्हणून पाहतो, तेच रुग्णाला वाचवणाऱ्यांतलं एक आहे. मेंदूत शिरलेल्या विषाणूला हटवायला मात्र टी पेशींना, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, तिथे जावं लागतं. त्यांना वाट दाखवणारा सीसीआर५ हा पेशीवरचा संदेश पकडणारा रेणू ज्यांच्यात जन्मतःच काम करत नाही, त्यांच्यात लक्षणं दिसणाऱ्या वेस्ट नाईलचं प्रमाण जास्त आढळलं आहे. एचआयव्हीपासून बचाव करणारा तोच जनुकीय बदल इथे नुकसान करतो. वयानुसार या सगळ्या फळ्या मंदावतात, म्हणून ७१.

हेच पुन्हा, आणि उलटंही

आठ वर्षांनी, २००७ मध्ये, पॅसिफिक महासागरातल्या याप बेटावर हीच गोष्ट दुसऱ्या नावाने घडली. अंगावर पुरळ, सांधेदुखी, डोळे लाल. डेंग्यूच्या आयजीएमची चाचणी काही रुग्णांत पॉझिटिव्ह आली. पण तिथल्या डॉक्टरांना हा त्यांच्या ओळखीचा डेंग्यू वाटेना. त्यांनी नमुने पुढे पाठवले आणि त्यात झिकाचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, सापडला. इथेही कुटुंब बरोबर, नाव चूक, आणि इथेही न जुळणाऱ्या लक्षणाला कुणीतरी महत्त्व दिलं म्हणून सुटका झाली.

ज्याला आधी कधी डेंग्यू होऊन गेलाय किंवा ज्याने पीतज्वराची, जपानी मेंदूज्वराची लस घेतली आहे, त्याचं निदान आणखी अवघड. नवा नातलग विषाणू आला की शरीर नव्याने विचार करण्याआधी जुन्या स्मृतिपेशींना कामाला लावतं. जुन्या विषाणूविरुद्धचं आयजीजी, म्हणजे नंतर येऊन दीर्घकाळ टिकणारी अँटिबॉडी, झपाट्याने वाढतं, नवं आयजीएम कधी कधी नावापुरतंच येतं, आणि पीआरएनटीमध्येही सगळ्या विषाणूंविरुद्धच्या पातळ्या एकदम उंच जातात. चौपटीचा फरक दिसतच नाही. अशा वेळी प्रामाणिक अहवाल एवढाच : फ्लॅविव्हायरसचा अलीकडचा संसर्ग, प्रकार सांगता येत नाही. रुग्णाला आणि डॉक्टरला हे वाक्य अपुरं वाटतं, हे मी समजू शकतो. पण ते ओढूनताणून लावलेल्या नावापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे, कारण ते पुढचा शोध उघडा ठेवतं.

उलट चित्रही आहे. २००२ मध्ये अमेरिकेत अवयवरोपणातून आणि रक्त चढवण्यातून वेस्ट नाईल पसरल्याचं उघडकीला आलं. रोपण झालेल्या, किंवा अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी संपवणारी औषधं घेणाऱ्या माणसांत अँटिबॉडी उशिरा येतात किंवा येतच नाहीत. त्यांच्यात आयजीएम निगेटिव्ह म्हणजे काहीच सांगता येत नाही. पण त्यांच्याच रक्तात विषाणू आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, त्यामुळे इतरांत हमखास निगेटिव्ह येणारा पीसीआर इथे निदान करून देतो. चाचणी मागवताना रुग्णाची प्रतिकारशक्ती कोणत्या अवस्थेत आहे, हे आधी विचारावं लागतं. २००३ च्या उन्हाळ्यापासून अमेरिकेत दान केलेल्या रक्ताचीही विषाणूच्या आरएनएसाठी तपासणी सुरू झाली. दात्याला ना ताप असतो ना अँटिबॉडी, अशा त्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत फक्त हीच चाचणी उपयोगी पडते.

पुढचा उन्हाळा

१९९९ मध्ये आजारी पडलेल्या न्यूयॉर्कच्या रुग्णांचं रक्त पुढेही तपासलं गेलं. आयजीएम साधारण दोन-तीन महिन्यांत ओसरतं, असा सर्वसाधारण समज. या रुग्णांपैकी ज्या १२ जणांची सुमारे ५०० दिवसांनी तपासणी झाली, त्यातल्या ७ जणांच्या रक्तात वेस्ट नाईलविरुद्धचं आयजीएम तेव्हाही होतं. म्हणजे २००० च्या, अगदी २००१ च्याही उन्हाळ्यात एखादा माणूस वेगळ्याच तापाने रुग्णालयात आला, तर त्याची वेस्ट नाईल चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकत होती, आणि या खेपेला विषाणूचं नाव बरोबर असूनही निदान चुकलं असतं. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दुसरा नमुना घ्यायचा आणि दोन्ही एकाच वेळी, एकाच प्रयोगशाळेत तपासून पातळी चौपट चढली का हे पाहायचं, ही जुनी पद्धत सोडून चालत नाही. पातळी चढती असेल तर संसर्ग आत्ताचा. दोन्ही नमुन्यांत सारखीच असेल तर ती बहुधा जुन्या संसर्गाची खूण असते, आणि आत्ताच्या तापाचं कारण पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागतं.